साहेबांनी बांधलेला स्टुडिओ

साहेब निवृत्त झाले, हुकूम सोडायला घराखेरीज दुसरी जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी बायकोला परसात स्टुडिओ बांधून द्यायचं ठरवलं. तिला विचारलं नाही. ज्याचं भलं करायचं त्याचं मत घेत बसलं की भलं लांबणीवर पडतं, असं त्यांचं कचेरीतलं तत्त्व होतं. 'साहेब' हे नाव त्यांना हाताखालच्या माणसांनी दिलेलं. बायकोनेही ते मनातल्या मनात उचललं होतं, पण आदराचा भाग वगळून.

ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. पानांच्या शिरा, बेडकाची बोटं, चिमणीचे पंख. घरातलं सगळं उरकलं की जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा पुसून कागद पसरायची. तिची चित्रं बघून गावोगावची पोरं बेडूक ओळखायला शिकली. साहेब त्याला 'हिचा छंद' म्हणायचे.

पाया खणायला गवंडी आला, त्या दिवशी तिने एकदाच तोंड उघडलं. खिडकी उत्तरेला हवी, तिकडचा उजेड दिवसभर सारखा राहतो. आणि आत एक बेसिन हवं, जलरंगांना सतत पाणी लागतं. साहेबांनी ऐकून घेतलं, म्हणजे तिचं बोलून होईपर्यंत ते गप्प राहिले. मग त्यांनी गवंड्याला सांगितलं की खिडकी पश्चिमेला काढ, फाटकातून दिसली पाहिजे. बेसिन काय, घरात आहेच. गवंड्याने बाईंकडे पाहिलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असा विचार करून ती बटाटे सोलायला आत गेली.

मग साहेबांनी उंटावरून शेळ्या हाकायला घेतल्या. खुर्ची टाकून बसायचे आणि थापी कशी धरावी ते थापी धरणाऱ्याला समजावायचे. फरशी त्यांनी अशी चकचकीत निवडली की तिच्यात बघून दाढी करता आली असती. पाहुण्यांसाठी सोफा आला. दारावर पितळी पाटी लागली; तिच्यावर बायकोचं नाव होतं, साहेबांच्या नावाखाली.

उद्घाटनाला नणंद सहकुटुंब आली. सोफ्यावर बसून बघून म्हणाली, "वहिनी, नशीब काढलंत. असा नवरा शोधूनही सापडायचा नाही."

"शोधून नाहीच सापडत," ती म्हणाली. "असा आपोआपच मिळतो."

साहेबांचं लक्ष नव्हतं. त्यांनी फर्मावलं, आता सगळ्यांसमोर एक चित्र होऊन जाऊ दे. ती बसली. उतरतं ऊन खिडकीतून थेट कागदावर आलं आणि फरशीवरून उलटून डोळ्यांत गेलं. पानाचा हिरवा रंग पसरायच्या आतच वाळून त्याच्या कडा उमटल्या. तिने ब्रश धुतला, भांडं नवऱ्यापुढे धरलं आणि पाणी बदलून मागितलं. साहेब घरात जाऊन पाणी घेऊन आले. थोड्या वेळाने तेही गढूळ झालं. पुन्हा गेले. त्यानंतरच्या खेपेला नणदेचा नवरा खोकल्याचं निमित्त करून हसला, आणि साहेबांचा नवा सदरा तोवर पोटापर्यंत भिजला होता.

तिने ब्रश पुसून खाली ठेवला. "खोली छान झाली आहे. पण ही चित्रं काढायची खोली नाही, बसायची आहे. तुम्हीच बसत जा."

पाहुण्यांसमोर साहेब हसले. दुसऱ्या दिवशी त्यांचा रेडिओ, आरामखुर्ची आणि वर्तमानपत्रांची चळत परसात गेली, तेव्हा मात्र हसले नाहीत. "मला घराबाहेर काढतेस?"

"बाहेर नाही. मागे."

चार दिवस फुगून बसले, मग रमले. येणारे-जाणारे फाटकातून डोकावायचे आणि साहेब त्यांना बोलावून कलेवर व्याख्यान द्यायचे. इकडे घरात इतकी शांतता झाली की तिने पक्ष्यांचं अख्खं पुस्तक मुदतीआधी हातावेगळं केलं. उपकार मानावेत असं तिला क्षणभर वाटलंही, पण क्षणभरच.

बोलून बोलून ऐकणारे आटले, तसे साहेब स्वतःच रंगवायला बसले. चित्रकला म्हणजे मुख्यतः शिस्त, असं त्यांनी जाहीर केलं. एका संध्याकाळी त्यांनी तिला खास बोलावून कागद पुढे केला आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

तिने कागद लांब धरून पाहिला, मग जवळ आणून पाहिला.

"बदक बरं जमलंय."

"अगं, कबुतर आहे ते."

"असेल," ती म्हणाली, आणि गॅसवरचं दूध बघायला आत गेली.