काकूंचा साचा

काकूंनी एंटर दाबलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"सर, जळलं का हो काही?"

"आधी डोळे तर उघडा," सर म्हणाले.

पाण्याच्या मोटरीची तक्रार आपली आपण दुरुस्ती विभागाकडे गेली होती. मागच्या तिघांनी टाळ्या वाजवल्या. काकू अशा हरखल्या, की सरांनाही शिकवल्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. काय म्हणायचं या भोळेपणाला!

कारखान्याच्या तक्रार विभागात हे चौघं वर्षानुवर्षं बसत होते. ग्राहकांच्या तक्रारी वाचायच्या आणि ज्याच्या त्याच्याकडे धाडायच्या. मग साहेबांनी फर्मान काढलं: प्रोग्रॅमिंग शिका, जो पास होईल तो नोकरीत राहील. त्यासाठी सरांना बाहेरून आणलं. जर-तरच्या अटींपर्यंत काकूंनी नेट धरला, पण एकदा तेच ते पुन्हा पुन्हा करणारा त्यांचा लूप थांबेचना, तेव्हा टेबलाखाली वाकून त्यांनी सरळ प्लगच उपटला. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली.

पुढे ऑब्जेक्ट आले. पुस्तकातली मोटारगाडीची उदाहरणं सगळ्यांच्या डोक्यावरून गेली, म्हणून सरांनी युक्ती काढली.

"स्वतःलाच लिहा. मला काय ठाऊक आहे, मी काय करते. झाला क्लास! क्लास म्हणजे साचा, त्यातून निघेल तो ऑब्जेक्ट."

युक्तीवर सर स्वतःच खूश होते. काकूंनी त्यात जीव ओतला. शिव्या घालणारा थोडा थांबेल, पण तिसऱ्यांदा 'कृपया' लिहिणाऱ्याला आधी घ्यायचं, हेसुद्धा त्यांनी साच्यात घातलं.

साहेब कधी येऊन मागे उभे राहिले, कुणाला कळलंच नाही.

"एका साच्यातून किती काकू निघतील?"

"हव्या तेवढ्या!" काकूच बोलून गेल्या. "एक माझ्या घरी पाठवा, भांडी पडली आहेत."

साहेबही हसले. "आणि रात्रीही चालेल हे?"

"चालेल की. तिला कुठली आलीय झोप!"

साहेबांचा रोख सरांना कळला. काकूंना गप्प करावं असं वाटलं, तोवर साहेब पुढे बोललेही.

"छान. मग परीक्षा कशाला हवी? आजच हे सगळ्या तक्रारींना जोडून टाका," सरांना सांगून साहेब निघून गेले.

"म्हणजे आम्ही पास?" काकूंनी विचारलं.

सर वायरी गुंडाळत राहिले.

"अहो सर, पास ना?"

"पास," सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते बिचारे!

सांगितल्याप्रमाणे सरांनी जोडून दिलं. बॅग उचलून ते निघाले, तेव्हा काकू आपल्या नेहमीच्या जागेवर बसल्या होत्या. टिंग वाजलं. सवयीनं त्यांचा हात माउसकडे गेला, तोवर तक्रार निघूनही गेली होती.

"बघा! मला हातसुद्धा लावू दिला नाही हिनं!"

पुन्हा टिंग वाजलं. पुन्हा हात गेला. या वेळी त्या हसल्या नाहीत. बाकीच्या तीन टेबलांकडे त्यांनी पाहिलं. तिथंही कुणाचे हात हलत नव्हते.

काकू खुर्ची सरकवून टेबलाखाली वाकल्या. प्लग उपटला. पडदा काळा झाला. शेजारच्या टेबलावर टिंग वाजलं.

"सर," त्या खालूनच म्हणाल्या, "हिचा प्लग कुठला?"

"तो इथं नसतो, काकू," सर दारातूनच म्हणाले.

काकू बराच वेळ टेबलाखालून वर आल्या नाहीत.