कनीजमावशींचं पान

माझा स्वभाव फटकळ आहे हे चिखलीत कुणालाही विचारा, सांगतील. चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा. त्यामुळे आपलंही काही चुकू शकतं हे मला सहसा सुचत नाही. कनीजमावशींच्या बाबतीत ते सुचलं तेव्हा फार उशीर झाला होता.

कनीजमावशी कासारवाडीच्या. त्यांचा मुलगा अकबरभाई, त्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. पूर्वी आमच्या या पट्ट्यातल्या कंपन्यांची स्वतःची नाटकमंडळं असायची आणि ती कामगारांच्या स्पर्धेत उतरायची. मंडळात सगळे बाप्येच. कंपनीत शॉपफ्लोअरवर बाई औषधालाही नव्हती, मग नाटकात कुठून आणणार? बाईच्या कामाला बाहेरून कलाकार बोलवायचे, आणि कितीतरी मंडळांसाठी ती कलाकार म्हणजे कनीजमावशी. कधी राणी, कधी सासू, कधी पुढाऱ्याची बायको.

माझे वडील कोंडाजी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, टूलरूमला होते आणि मंडळातही. सेकंड शिफ्ट करून रिहर्सलला जायचं, तिथून घरी येऊन पडायचं, तर वाक्यं पाठ होणार कशी? ऐन प्रयोगात माणूस गप्प व्हायचा. मग मावशी बोलता बोलता प्रेक्षकांकडे पाठ करायच्या, त्याचं वाक्य त्याला हळूच सांगायच्या, आणि परत वळून आपलं म्हणायच्या. अण्णा अजून सांगतात, "माझं निम्मं काम तिनंच केलंय. लोकास्नी वाटायचं, कोंडाजीच लई भारी हाय." मंडळाला ढाल मिळायची. नाटकाच्या छापील पत्रिकेत वेल्डरपासून क्रेन ऑपरेटरपर्यंत सगळ्यांची नावं असायची आणि मावशींच्या जागी 'पाहुणी कलाकार'.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी नेटवरच्या एका ज्ञानकोशात हौसेनं लिहायचे. तिथं कुणीही लिहावं, फुकट. आमचा एक गट होता, कुणी दखल न घेतलेल्या नाटकवाल्या बायकांची पानं करणारा, आणि त्या गटात माझं जरा वजन होतं. मावशींचं पान मीच करणार, असं मी परस्पर ठरवूनही टाकलं. विचारायला गेले तेव्हा मावशी हो म्हणाल्या नाहीत, नकोही म्हणाल्या नाहीत. लिही, तुझ्या वडिलांना बरं वाटेल, एवढंच म्हणाल्या.

पान झालं. अकबरभाईनं त्याची प्रिंट काढून गॅरेजमध्ये लावली, नात मंतशानं स्टेटस ठेवलं. मावशींनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं, आणि वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. त्यांचं तोंड उजळलेलं मी पाहिलं. मला काय वाटलं म्हणून सांगू, गाडीवर बसून चिखलीपर्यंत मी एकटीच हसत आले.

थोड्याच दिवसांत पानाच्या डोक्यावर पाटी आली. या व्यक्तीवर स्वतंत्र पान असावं का याबद्दल शंका आहे, पान वगळण्यावर चर्चा सुरू आहे. तिथली रीत अशी की चर्चेत कारण द्यायचं, छापील पुरावा द्यायचा. डोकी मोजत नाहीत, आणि बाहेरून माणसं गोळा करून आणायला तर बंदीच. हा नियम मी स्वतः नव्या लोकांना शिकवलेला. शंका काढणाऱ्यानंही सभ्यपणेच विचारलं होतं, एखादं जुनं वर्तमानपत्र, स्मरणिका, काहीतरी आहे का? लायब्ररीत बसून जुने अंक चाळायला हवे होते. पण मला राग आला. पत्रिकेत नाव घातलं नाही ते नाही, आता पत्रिकेत नाव नाही म्हणून इथंही नाही? हा कुठला न्याय?

आणि आमच्याकडे एखादी गोष्ट वाचवायची असली की काय करतात? सोसायटीचा चेअरमन निवडायचा असो की गणपतीच्या सजावटीला बक्षीस मिळवायचं असो, ग्रुपवर टाकतात. मीही टाकलं. भावकीचा ग्रुप, सोसायटीचा, कंपनीतल्या बायकांचा, सगळीकडे लिंक पाठवली. 'आपल्या कनीजमावशींसाठी इथे जाऊन फक्त "राहू द्या" लिहा. जास्तीत जास्त शेअर करा.' बघता बघता नवीन खात्यांची रांग लागली. राहू द्या, राहू द्या, मावशी आगे बढो. कुणी हात जोडलेले टाकले, कुणी झेंडा. माझ्या एका चुलतभावानं तर शंका काढणाऱ्याला पत्ता विचारला. आणि मी बावळट, जेवताना अण्णांना सांगत होते की बघा आता कसं होतंय.

दुसऱ्या दिवशी तिथल्या प्रचालकानं, म्हणजे देखरेख करणाऱ्यानं, सरळ विचारलं, ही मंडळी कुणी आणली? मला फक्त 'मी' एवढं लिहायचं होतं. लिहिलं नाही. लिहिलं असतं तर माझं खातं बंद झालं असतं आणि माझ्या बाकीच्या पानांवरही संशय आला असता. त्या पानांतल्या बायकांचं नुकसान नको, अशी मी मनाची समजूत घातली. खोटं होतं ते. मला माझ्या नावाची पडली होती.

पान काढलं. चर्चेखाली प्रचालकानं निकाल लिहिला: 'संबंधित व्यक्तीने स्वतःच्या प्रसिद्धीसाठी बाहेरून मते गोळा केल्याचे दिसते.' संबंधित व्यक्ती म्हणजे मावशी. पान गेलं, पण चर्चा तिथं पुसत नाहीत, ती कायम राहते. मावशींचं नाव शोधलं की आता तेवढंच वाक्य वर यायचं. ते वाचलं तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते. शेजारच्या बाईला दिसू नये म्हणून मी मोबाइल पालथा घातला. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

त्यानंतर कासारवाडीकडे मी फिरकले नाही. अण्णांनी पान दाखव म्हटलं की नेट चालत नाही म्हणायचे. शेवटी मंतशाचाच फोन आला, दादीनं बोलावलंय.

मावशी खाटेवर बसल्या होत्या. मंतशानं त्यांना सगळी चर्चा वाचून दाखवली होती, माझ्या चुलतभावासकट. अकबरभाई दारातच उभा होता. एरवी मला 'या मॅडम' म्हणणारा माणूस, त्या दिवशी त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. गॅरेजवर येणारी पोरं त्याला 'मतं गोळा झाली का' म्हणून चिडवतात, हे मंतशानं फोनवरच सांगितलं होतं. मी सुरुवात केली ती नियमांपासून. ते लोक कसे अडवणूक करतात, छापील पुराव्याचा हट्ट कसा चुकीचा आहे. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"पान गेलं त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण रुपाली, मी कुणाकडं मत मागितलं होतं का?"

"नाही मावशी. ग्रुपवर मी टाकलं होतं."

"हे त्यांना ठाऊक आहे?"

मी मान खाली घातली. त्यांना उत्तर मिळालं. त्या रागावल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी पाया पडून मोकळी झाले असते. पण त्यांचा आवाज चढलाच नाही.

"पुरुषांच्या मंडळात एकटी बाई जायची म्हटल्यावर लोक काय काय बोलायचे, तुला नाही कळणार. म्हणून मी एक ठरवलं होतं. कुणाकडं काही मागायचं नाही. पत्रिकेत नाव घाला असंसुद्धा कधी म्हटलं नाही. माझं नाव कुठं नव्हतं, पण ते कुणी खराबही केलं नव्हतं."

त्या घरातून मी कशी बाहेर पडले मला आठवत नाही. स्टेशनजवळ गाडी कडेला लावली आणि तिथंच मोबाइलवर त्या प्रचालकाला लिहिलं, माझ्या खऱ्या नावानं. मते मी गोळा केली. कनीज शेख यांना याची कल्पना नव्हती. त्यांनी कोणाकडेही काहीही मागितलेले नाही. रडत रडत लिहिलं, पण लिहिलं.

माझं खातं बंद झालं. माझ्या जुन्या पानांवर 'तपासणी बाकी' अशा पाट्या लागल्या, गटातल्या बायकांनी फोन उचलणं सोडलं. त्यांचं काही चुकलं नाही. बंद झालेली चर्चा बदलता येत नाही असं प्रचालकानं कळवलं, पण निकालाच्या खाली त्यानं माझं निवेदन जोडलं. त्याला मी मनातल्या मनात किती नावं ठेवली होती, आणि माणूस भला निघाला.

ते घेऊन मी परत कासारवाडीला गेले आणि मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"हे राहील ना? की हेही काढतील?"

"राहील मावशी. चर्चा काढत नाहीत."

"म्हणजे माझं नाव आहे तिथं."

"आहे."

त्यांनी जरा विचार केला. मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "नाटकाचं काही आहे का त्यात?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि मंतशाला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.