भूमध्य किनारी गेलेली गरम पाण्याची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी गरम पाण्याची पिशवी आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या एका घरात, कपाटाच्या दारामागे मी टांगलेली असते. माझं रबर आता फिकं पडलंय आणि कडेला बारीक चिरा गेल्या आहेत. एके काळी मात्र मी लालभडक होते.

रबराच्या कारखान्यात एका साच्यातून माझा जन्म झाला. मग मार्केटमधल्या स्टॉलवरून ज्युडिथ आजींनी मला घरी आणलं आणि माझ्यासाठी निळ्या लोकरीचं कव्हर विणलं. थंडीत आजींची बोटं आखडायची. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत रोज संध्याकाळी मी त्यांच्या मांडीवर असायची. "माझी शेगडी" म्हणायच्या त्या मला. किती बरं वाटायचं!

त्यांचे यजमान हाईम आजोबा रिटायर्ड इंजिनियर. गेल्या वर्षी त्यांच्या मनानं घेतलं, की हे घर विकायचं आणि स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर राहायला जायचं.

"तिथे वर्षभर समर असतो, ज्युडिथ. तुझे हात बरे होतील."

"अहो, वर्षभर म्हणजे खरंच बारा महिने?" आजी म्हणाल्या. "ब्रोशरमधल्या फोटोंत तर नेहमी जूनचं ऊनच असतं."

आजोबांना हे पटलं. एकाच फ्लॅटमध्ये चार वेगवेगळ्या महिन्यांत राहून बघायचं आणि मगच घर विकायचं, असं ठरलं. आजींनी मला बॅगेत ठेवलं तेव्हा आजोबा हसले. "तिथे ही कशाला?"

"असू दे हो," आजी एवढंच म्हणाल्या.

मे महिना खरोखर सुंदर होता. ऊन कोवळं, वारा मऊ. समुद्र तेवढा अजून गार. आजींची बोटं मोकळी झाली. आजोबांनी तिथूनच बर्मिंगहॅमच्या एस्टेट एजंटला फोन लावला. मी मात्र बॅगेतच पडून होते. आपलं काम संपलं, असं वाटून जीव खट्टू झाला.

ऑगस्टमध्ये रात्रीसुद्धा उकाडा हटेना. दमट हवेत चादर अंगाला चिकटायची. दुपारी दुकानं बंद, रस्ते ओस. एका संध्याकाळी आजींनी माझ्यात फ्रीजमधलं पाणी भरलं आणि मला आजोबांच्या मानेखाली सरकवलं. "ब्रिलियंट!" आजोबा म्हणाले. आपल्याला गारवाही देता येतो, हे मला तेव्हाच कळलं.

ऑक्टोबरात गर्दी ओसरली. समुद्र मेपेक्षा खूप उबदार होता आणि आजोबा रोज पोहायचे. मधेच एक दिवस आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला आणि रस्त्याची नदी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लख्ख ऊन.

मग जानेवारी आला. दुपारी उन्हात बसायला छान वाटायचं. पण सूर्य कलला की फ्लॅटमधली फरशी बर्फासारखी व्हायची. भिंतीवरचे, खोली गरम करणारे रेडिएटर नव्हतेच. अर्ध्या हॉटेलांना कुलपं होती.

"बाहेर सोळा डिग्री होतं, आणि घरात तेरा!" आजोबा चिडून म्हणाले आणि कपाटातला हीटर ओढायला वाकले. तिथेच त्यांची कंबर धरली.

आजींनी त्यांना पालथं झोपवलं, पाणी तापवलं आणि मला त्यांच्या कमरेवर ठेवलं.

"सॉरी, ज्युडिथ," आजोबा उशीत तोंड घालून म्हणाले. "लग्न करून तुला मुंबईहून आणलं आणि फिफ्टी इयर्स थंडीत ठेवलं. वाटलं, आता तरी तुला ऊन द्यावं."

आजींचा हात माझ्यावर होता. त्यांनी मला कमरेवर नीट सरकवलं.

"म्हणून घर विकायला निघालात? अहो, मी माझ्या पायांनी विमानात चढले होते. बर्मिंगहॅममध्ये माझी बोटं गारठतात, मी नाही. आपली लेक अविवा दोन बसस्टॉपवर राहते. शुक्रवारी संध्याकाळी तिची मुलं जेवायला येतात. ते सोडून मी या उन्हात काय करू?"

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही डायरेक्ट तिकिटं काढलीत."

आजोबांना हसू आलं आणि कमरेत कळही आली. पाणी कोमट होईपर्यंत दोघं बोलत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

घरी परतल्यावर आजोबांनी एजंटला नकार कळवला. आता ऑक्टोबरात पंधरा दिवस पोहायला जायचं आणि परत यायचं, असं ठरलंय.

मार्चमध्ये आजींना माझ्या चिरा दिसल्या. त्यांनी मला पुन्हा भरलं नाही, टाकूनही दिलं नाही. माझं कव्हर आता नव्या पिशवीला आहे. ते बघून सुरुवातीला वाईट वाटलं, नाही असं नाही.

मित्रांनो, आम्हा पिशव्यांमध्ये उकळतं पाणी ओतू नका. वापर झाला की रिकामं करून उलटं टांगा. रबर चिरलं की आम्हाला निवृत्त करा, नाहीतर ज्यांना जपायचं त्यांनाच आमच्यामुळे भाजेल. आणि घरातल्या कुणाला ऊब द्यावीशी वाटली, तर आधी जवळ बसून विचारा, थंडी नेमकी कुठे वाजतेय.