कूलरची चप्पल

मी रामहरींच्या घरातला कूलर बोलतोय. कंपनीचा प्लॅस्टिकचा नव्हे, चांगला जाड पत्र्याचा. तेलगावला एका वेल्डिंगच्या दुकानात माझं अंग कापलं, ठोकलं आणि त्याला निळा रंग मारला. तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, पुढे पंखा, खाली पाण्याची टाकी आणि टाकीत बुडालेली मुठीएवढी मोटर, जी पाणी वर चढवून गवतावर सोडते. एवढाच माझा संसार.

लोक मला गार वारा देणारी पेटी समजतात. खरं सांगू का, माझ्या पोटात लोखंड, पाणी आणि वीज तिघं एकत्र कोंडलेली असतात, आणि त्यांचं आपसात कधीच पटत नाही. ती भांडू नयेत म्हणून माणसांनी चार साध्या गोष्टी पाळायच्या असतात. त्या न पाळल्यामुळे गेल्या उन्हाळ्यात माझ्या अंगाने जे केलं ते मला अजून सोडत नाही. म्हणून बोलायला बसलो.

पहिली तीन वर्षं मी याच गावातल्या, म्हणजे दिंद्रुडच्या विठ्ठलरावांकडे होतो. मोठे जमीनदार. मला बसवायला रामप्रसाद वायरमन आला आणि तासभर घोळ घालत बसला. माझ्या पायांखाली लाकडी ठोकळे दिले, वायर पाण्यापासून उंच बांधली. मग विठ्ठलरावांच्या पत्नी छबुबाई यांना त्याने माझी पिन दाखवली.

"मालकीणबाई, ही वरची जाड पिन बघा. वारा हिच्यामुळं येत न्हाई. पण आत कुठं वायर उघडी पडून पत्र्यात करंट उतरला, तर ही त्याला गपगुमान जमिनीत नेती. आन पाणी भरायच्या आदी पिनच काढायची. नुसतं बटण बंद करून भागत न्हाई."

छबुबाई काटेकोर बाई. पिन काढल्याशिवाय पाण्याचा थेंब ओतू देत नसत. घरातली मंडळी त्यांना हसायची, पण त्या तीन वर्षांत मी कुणाला साधी झिणझिणीसुद्धा दिली नाही. पुढे त्यांच्या घरात एसी आला. रामहरी त्यांच्या शेतात कामाला होते, दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि पाडव्याच्या सुमारास परतायचे. "तुझ्या पत्र्याच्या घरात लई उकडत आसंल, घेऊन जा," म्हणून विठ्ठलरावांनी मला त्यांच्या हवाली केलं.

रामहरींचं घर दोन खोल्यांचं. वर पत्रे, खाली सारवलेली जमीन. त्यांची बायको कौशल्याबाई, मुलगा सत्यम, आणि लेक करिष्मा, जी पुढे लग्न होऊन चौसाळ्याला गेली. सत्यम म्हणजे आळीतला बिनपगारी इंजिनिअर. कुणाचा मोबाइल उघड, कुणाचा पंखा जोड. "आमचं पोरगं करंटाला भीत न्हाई," असं रामहरी चारचौघांत छाती फुगवून सांगायचे. मला ते ऐकून तेव्हाच धडकी भरायची.

त्यांच्या बोर्डाला दोनच भोकं. माझी तीन पायांची पिन बसेना. सत्यमने पक्कड घेतली.

"आरं, चांगली वस्तू मोडू नगंस," कौशल्याबाई म्हणाल्या.

"आई, ही वरची पिन वायाच आसती. दोन पिनीवर बी वारा येतुया. बघ."

कटकन त्याने ती जाड पिन मोडली आणि उरलेल्या दोन बोर्डात खुपसल्या. पंखा फिरला. सगळे खूश झाले. कौशल्याबाईंनी मला हळद-कुंकू लावलं, रामहरींनी सदरा काढून माझ्यासमोर बैठक मारली. पोराने करून दाखवलं, या कौतुकात कुणी त्या मोडलेल्या पिनेकडे बघितलंही नाही.

त्या उन्हाळ्यात काही घडलं नाही, कारण माझ्या पोटातली मोटर धड होती. मग दिवाळी झाली आणि घराला कुलूप लावून सगळे तोडीला गेले. पाच महिने मी अंधारात, टाकीच्या तळाला गाळ, आणि सोबतीला उंदीर. त्यांनी मोटरीची वायर दोन ठिकाणी कुरतडली. आतली तांब्याची तार उघडी पडली.

गेल्या वर्षी पाडव्यानंतर मंडळी परतली. सत्यमने मला ओढून काढलं, वरून फडका मारला आणि लावलं. आत एकदा डोकावला असता तर त्याला ती तार दिसली असती. तो डोकावला नाही.

दुसऱ्याच दिवशी रामहरी ओरडले, "आरं, हे चावतंया!"

सत्यमने टेस्टर लावला. दिवा मिणमिणला. "थोडं करंट उतरतंय आण्णा. पान्यामुळं आसतं तसं. चप्पल घालून हात लावायचा."

आणि मग या घरात तो प्रकार सुरू झाला ज्याला सगळे 'कूलरची चप्पल' म्हणू लागले. निळ्या रबरी चपलांचा एक जोड माझ्या पायाशी ठेवला गेला. पाणी भरायचंय, घाला चप्पल. जाळी सरकवायचीय, घाला चप्पल. पाहुणा आला तरी आधी चप्पल त्याच्या पुढे सरकवायची. पाहुणेही हसत घालायचे. बिघाड कुणी काढला नाही, बिघाडाला पायताण तेवढं केलं! मला हसू येत नव्हतं. पत्र्यात उतरलेला करंट मला कळत होता, आणि त्याला जमिनीत न्यायची वाट मोडून पडली होती. माणसाच्या अंगातून वाट मिळाली की तो तिकडून जाणार, हे मला रोज दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं.

वैशाखात करिष्मा बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्यात मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. त्यांना मी होतो त्याच खोलीत ठेवलं, कारण गारवा तिथेच. लोखंडी पलंगावर त्या दोघी, आणि समोर मी. एवढंसं पोर, माझ्या वाऱ्याने त्याचं जावळ हलायचं. इतका जीव मी कुणाला लावला नव्हता, आणि इतका धसकाही कधी घेतला नव्हता.

पाचव्या दिवशी पाचवी होती. संध्याकाळी सटवाईची पूजा, मग रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिणार. कौशल्याबाई सकाळपासून कामाला लागल्या. सत्यमला त्यांनी पूजेचं सामान आणि कोरा कागद आणायला पाठवलं, रामहरी भावकीला सांगायला गेले. दुपारी लाइट गेली. खोलीची भट्टी झाली, बाळ रडून रडून लाल झालं.

कौशल्याबाईंनी पूजेसाठी अख्खी खोली शेणाने सारवली. सारवताना त्यांना माझ्या पायाशी ती चप्पल दिसली.

"आगं बया, सटवाईच्या जाग्याला पायताण!" असं म्हणत त्यांनी जोड उचलला आणि अंगणात नेऊन ठेवला.

मी हादरलो. जमीन ओली, कौशल्याबाई अनवाणी, चप्पल बाहेर. आणि बोर्डावरचं बटण चालूच. लाइट गेल्यावर बटण बंद करायची सवय या घरात कुणालाच नव्हती, कारण लाइट आली की लगेच वारा लागला पाहिजे.

"आई, पलंग जरा कूलरजवळ घे ना. लाइट आली की बाळाला वारं लागंल," करिष्मा म्हणाली.

कौशल्याबाईंनी पलंग ओढला. एक हात अंतर राहिलं. आणखी ओढला. एक वीत. आणखी. पलंगाचा लोखंडी पाय आणि माझा पत्रा यांच्यात चार बोटं उरली तेव्हा त्या दमून थांबल्या. पलंगावर घामाने निथळणारी बाळंतीण आणि पाच दिवसांचं लेकरू.

"कवा येतीया की लाइट!" करिष्मा म्हणाली.

"यील गं. सटवाई आणंल."

अख्खी आळी लाइटची वाट बघत होती. ती येऊ नये म्हणून देवाला साकडं घालणारा मी एकटाच होतो.

कौशल्याबाई बाहेर गेल्या आणि पाण्याची कळशी घेऊन आल्या. लाइट यायच्या आत टाकी भरून ठेवावी, असा त्यांचा हिशेब. त्यांनी माझी जाळी काढली. मी जीव मुठीत धरून बघत राहिलो. लवकर ओता, ओता आणि व्हा बाजूला. पण कळशी जड, पाणी मोलाचं, सांडू नये म्हणून त्या हळूहळू ओतत होत्या. आधारासाठी त्यांनी उजव्या हाताने माझी कड धरली.

आणि लाइट आली.

बाहेर पोरांनी "आली, आली" म्हणून गलका केला. माझा पंखा गरकन फिरला. कौशल्याबाईंच्या हातातली कळशी पडली. त्यांचा उजवा हात माझ्या कडेला घट्ट आवळला गेला, तोंड उघडं राहिलं आणि आवाज बाहेर येईना. मी त्यांना सोडत होतो हो, त्यांची बोटं सुटत नव्हती! पायांखालचे लाकडी ठोकळे विठ्ठलरावांकडेच राहिले होते, त्यामुळे त्यांच्या झटक्यांनी मी हलत होतो, पलंगाकडे सरकत होतो. चार बोटांची तीन झाली. दोन झाली.

"आई!"

करिष्माने आईला धरायला हात पुढे केला. तिने धरलं असतं तर दोघीही गेल्या असत्या, आणि मी पलंगाला टेकलो असतो तर तिसरा जीवही. पण तिचा हात मध्येच थांबला. लहानपणी तोडीवर असताना विहिरीच्या मोटरीला चिकटलेला एक माणूस तिने पाहिला होता, आणि त्याला ओढायला धावलेला दुसराही. ते तिला त्या क्षणी आठवलं, असं तिने नंतर सगळ्यांना सांगितलं.

माझी वायर पलंगाच्या डोक्यावरून बोर्डाकडे जात होती. तिने उशाशी ठेवलेलं बाळाचं कोरडं दुपटं हाताला गुंडाळलं, गोधडीवर गुडघे टेकून उभी राहिली आणि वायर धरून हिसका दिला. ओल्या बाळंतिणीचं अंग, ताकद कुठून येणार? पिन निघाली नाही. ती रडत ओरडली आणि पुन्हा सगळा भार टाकून ओढली.

पिन निघाली. माझा पंखा मंदावला. कौशल्याबाई ओल्या जमिनीवर कोसळल्या.

शेजारपाजार धावला. जीपमधून त्यांना दवाखान्यात नेलं. मी तिथेच उभा, माझ्या कडेला त्यांच्या तळहाताची कातडी चिकटलेली. ती संध्याकाळ मी कशी काढली ते मलाच ठाऊक. पूजा राहिली ती राहिलीच. दुसऱ्या दिवशी निरोप आला, जीव वाचला.

रामहरींनी मला लाथा घालत अंगणात काढलं. "जुनाट वस्तू दिली आमाला विठ्ठलरावानं," सत्यम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. मी चार दिवस उन्हात ऐकत होतो. राग आला, खोटं कशाला बोलू! लोखंडाला तोंड असतं तर तेव्हाच सगळं बोलून टाकलं असतं.

विठ्ठलरावांच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी रामप्रसाद वायरमनला पाठवलं. त्याने मला उघडलं. कुरतडलेली वायर बाहेर काढली. मग पिन हातात घेऊन उलटीपालटी केली.

"वरची पिन कुणी तोडली?"

अंगणात आठ-दहा माणसं होती. कौशल्याबाई त्याच सकाळी घरी आल्या होत्या, हाताला जाड पट्टी, दाराशी टेकून बसलेल्या. सत्यम त्यांच्यासमोर जाऊन खाली बसला.

"आई, म्या तोडली. समद्यांना खोटं बोललो."

"ठाव हाय मला. माझ्याच समोर तोडलीस की. मी का गप बसले? आन चप्पल तर मीच भाईर ठिवली." त्यांनी डाव्या हाताने त्याचं डोकं जवळ घेतलं. "पर करिष्माच्या पोरीला काय झालं आसतं रं, सत्या?"

करंटाला न भिणारा तो गडी हमसून हमसून रडला.

रामप्रसादने स्वतः कशाला हात लावला नाही. सत्यमकडून सगळं करून घेतलं. मागच्या अंगणात खड्डा खणून, त्यात मीठ-कोळसा भरून अर्थिंगची तार घातली. तीन भोकांचा बोर्ड आणि पत्र्यात करंट उतरला की आपोआप पडणारं बटण बसवलं. मोटर नवी, पिन नवी. आता हंगामाआधी सत्यम मला उघडतो, गाळ काढतो, वायर बोटागणिक तपासतो आणि कोरडा असताना, मग पाणी भरून, दोनदा टेस्टर लावतो. पाणी भरताना पिन काढून सगळ्यांना दिसेल अशी पलंगावर ठेवतो.

पण कौशल्याबाई माझ्या खोलीत येईनात. त्यांची उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली. यंदाच्या उन्हाळ्यात त्रेचाळीस डिग्रीला त्या उंबऱ्याबाहेर पदराने वारा घेत बसायच्या, आणि मी आत मोकळ्या पलंगावर वारा सोडत बसायचो. त्यांनी मला भंगारात घातलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं.

तुमच्या घरातही माझा कुणी भाऊबंद असेल. तो चावायला लागला तर हसू नका, त्याला चपला, लाकूड, पोतं असले उपाय करू नका. पिन काढा आणि जाणत्या माणसाला बोलवा. आम्हाला ओरडता येत नाही. ती झिणझिणी म्हणजेच आमचं ओरडणं असतं.

परवा करिष्मा माहेरी आली. पोर आता वर्षाची होत आलीय, नाव सायली. दुपारी मी चालू होतो, करिष्माचा डोळा लागला होता. सायली पलंगावरून उतरली, रांगत आली, आणि उभं राहायला आधार म्हणून माझ्याकडे हात उचलला. उंबऱ्यातून कौशल्याबाईंनी ते पाहिलं. किंकाळी फोडून त्या अनवाणी धावल्या. तोवर पोरीचे दोन्ही तळहात माझ्या पत्र्यावर टेकले होते. कौशल्याबाईंनी डाव्या हाताने तिला कवेत ओढलं, तोल गेला, आणि उजवा हात, वाकड्या बोटांचा, सरळ माझ्या अंगावर आला.

काहीच झालं नाही. पंखा फिरत होता, गवतावरून पाणी ठिबकत होतं. सायली वाऱ्यात तोंड घालून हसत होती. कौशल्याबाई धापा टाकत माझ्याकडे बघत राहिल्या, पण त्यांनी हात काढला नाही.