उलट्या पायांचा काडीपैलवान

मी एक जुना सांगाडा आहे. अहो थांबा, पळू नका! मित्रांनो, मी कुणाचाही सांगाडा नाही. मी कधी जेवलो नाही, कधी आजारी पडलो नाही आणि मेलो तर मुळीच नाही. मी प्लास्टिकचा आहे. कारखान्यात एकाच घाण्यातून इकडे मी निघालो आणि तिकडे बादल्या. म्हणून अजूनही कुठे बादली दिसली, की मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

शाळेत आलो तेव्हा माझा काय थाट होता! मुलं रांग लावून माझ्याशी हात मिळवायची. हात मिळवता मिळवता एकाने माझी करंगळीच नेली. एका नव्या मास्तरांनी तर लांबून बघून मला दरडावलं, "ए, मागे उभा आहेस तो! खाली बस!" मी कसा बसणार? त्यांनी मला उद्धट म्हणून तासभर वर्गाबाहेर काढलं. मी तिथेही उभाच होतो, त्यामुळे शिक्षा काही नीटशी झाली नाही.

पण कौतुक म्हणजे गरम चहा. निवायला कितीसा वेळ लागतो? हळूहळू शिपाईकाका माझ्या खांद्यावर ओला शर्ट वाळत घालायला लागले. मग माझ्या बोटांत छत्री आली. मग डाव्या गुडघ्याची वाटी निखळली, ती कुणीतरी रबराने बांधली. शेवटी माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे मोडकी स्टुलं होती, फुटका ढोल होता, आणि माझ्या बरगड्यांत एका कोळ्याने संसार थाटला होता.

आणि मग एक दिवस दार धाडकन उघडलं!

"ए ताई, भूत!"

"भूत नाही गं, सांगाडा आहे. किती छान आहे बघ!"

छान! मला! मित्रांनो, अंगावर काटा यायला मला अंगच नाही, नाहीतर आलाच असता.

ती होती आमच्या शाळेची नवी विज्ञानाची बाई. आणि तिच्या मागे तिचा ओढणीचा शेव धरून उभी होती तिची धाकटी बहीण, सातवीतली. ती पोर एका जागी उभी म्हणून राहायची नाही, म्हणून ताई तिला भिंगरी म्हणायची. भिंगरीने मला खालून वर न्याहाळलं आणि माझं बारसं केलं. "काडीपैलवान!"

आता गंमत ऐका. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, फार कडक. त्यांनी पहिल्याच दिवशी ताईला बजावलं होतं, "फाटकाच्या आत बहीणबिहीण काही नाही. ती विद्यार्थिनी, तुम्ही बाई. एकदा जरी 'ताई' ऐकू आलं, तर याद राखा." त्यामुळे फाटकाबाहेर गळ्यात गळा घालणाऱ्या ह्या दोघी फाटकातून आत आल्या, की एकदम अनोळखी! पण तोंड बंद झालं तरी डोळे कोण बंद करणार? त्यांनी डोळ्यांची एक भाषाच काढली. ताईने एक भुवई उचलली, की "डबा खाल्लास का?" भिंगरीने नाक फेंदारलं, की "आज भाजी खारट झालीय." आणि डोळे वटारून दोनदा मिचकावले, की "आत्ताच्या आत्ता तिकडे बघ!" हे शेवटचं बहुतेक वेळा मोठ्या बाई मागे येऊन उभ्या असल्या की व्हायचं.

फक्त माझ्या अडगळीत त्या बहिणी असायच्या. शाळा सुटली, की ताई दार लोटायची, भिंगरीची सुटलेली वेणी घालायची आणि उद्याचा धडा आधी तिला शिकवून बघायची. "हे काय?" म्हणून बरगडीत बोट खुपसायची. माझ्या नाही, भिंगरीच्या! पोर खिदळत लोळायची आणि लोळता लोळता हाडांची नावं सांगायची. "कळलं का तुला?" "नाही कळलं." मग ताई तोच धडा दुसऱ्या तऱ्हेने सांगायची. भिंगरीला कळला, की जगाला कळला!

पण दुसऱ्या दिवशी वर्गात भिंगरीने हात वर करायचा नाही, असं ठरलेलं. लोक म्हणतील, बहिणीला आधीच सांगून ठेवलंय. बिचारी सगळी उत्तरं पोटात घेऊन, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. प्रश्न आला की बाकासकट उडायची.

अशात बातमी आली. तपासनीस साहेब येणार! ताईची नोकरी तात्पुरती होती. साहेब तिचा एक तास बघणार होते. आवडला तर ताई कायम. नाही आवडला तर दुसरी बाई येणार, आणि ताईला लांबच्या गावी नोकरी धरून तिथेच राहावं लागणार.

"मग माझी वेणी कोण घालणार?" भिंगरीने विचारलं.

"तू स्वतः घालायची. घोडी झालीस की आता."

"मला नाही येत."

"येते तुला. मला माहितीये."

 भिंगरीने माझा हात धरला. चारच बोटांचा होता, पण तिने घट्ट धरला.

साहेब यायच्या दिवशी भिंगरी सकाळी सगळ्यांच्या आधी हजर! ताईला चकित करायचं म्हणून तिने मला नळावर नेलं, सुटं केलं, घासून-पुसून लख्ख केलं आणि एकेक हाड कट्ट्यावर वाळत ठेवलं. आंघोळीचं पाणी एका बादलीत होतं. सगळं कसं घरगुती वाटत होतं! इतक्यात घंटा झाली. भिंगरीची उडाली घाई. हात इकडे, पाय तिकडे, आकडे अडकवले, वर चादर टाकली आणि ती वर्गात पळाली.

मित्रांनो, मी खाली बघितलं आणि माझ्या कवटीला घाम फुटायचा बाकी राहिला. माझे दोन्ही पाय उलटे! टाचा पुढे, बोटं मागे! आणि डाव्या गुडघ्याची वाटी? ती तर गायबच!

मी ओरडणार कसा? मला जबडा आहे, जीभ नाही.

शिपाईकाकांनी मला चादरीसकट वर्गात आणून उभं केलं आणि तास सुरू झाला. साहेब वर्गात कोपऱ्यातल्या टेबलाशी चहा घेत बसले. मोठ्या बाई शेजारी. ताईने हसत हसत चादर ओढली. "मुलांनो, ही आपली हाडं!"

 मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, उलटे पाय! भूत!" आणि वर्ग असा हसला की खिडक्या थरथरल्या.

साहेबांनी चष्मा सारखा केला. "बाई, हा माणूस येतोय की जातोय?"

ताईचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला. आणि तेवढ्यात मांड्यांखालचे हात सुटले. भिंगरी ताडकन उभी!

"ताई! मी केलं ते! ताईची काही चूक नाही!"

'ताई'! फाटकाच्या आत! मोठ्या बाईंनी डोळेच मिटून घेतले.

"अच्छा," साहेब म्हणाले, "सख्खी बहीण. मग हिला सगळं पाठच असणार. ह्या तासाला ही मुलगी सोडून कुणीही बोला. हिने तोंड उघडलं की तास संपला."

भिंगरी खाली बसली. हात पुन्हा मांड्यांखाली. डोळ्यांत पाणी.

ताईने तिच्याकडे बघितलं. मग पदर खोचावा तशी तिने ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाली, "बरोबर सांगाडा कुणीही दाखवेल. आपण चुकलेला दुरुस्त करू. स्वतःचे गुडघे चाचपा आणि सांगा, ह्याचं काय काय चुकलंय?"

काय धमाल उडाली म्हणून सांगू! कुणी गुडघे दाबतंय, कुणी बाकावर चढून पाय वाकवतंय, कुणी शेजाऱ्याचाच पाय ओढतंय. "पाय कधी पुढे वाकतो का रे!" "बाई, डावा उजवीकडे लावलाय!" भुताला घाबरणारा मागच्या बाकावरचा तो पोरगा तर माझी मांडी खांद्यावर घेऊन नाचत होता. पाय निघाले, पाय लागले. बोटं पुढे आली! मी सरळ झालो!

"बाई, पण हा एक गुडघा बोडका का?"

सगळे शोधायला लागले. बाकांखाली, दप्तरांत, फळ्यामागे. वाटी काही मिळेना. साहेब चहा ढवळत घड्याळ बघायला लागले. आणि तेव्हा ताईची नजर भिंगरीवर गेली.

भिंगरीने डोळे वटारले. दोनदा मिचकावले. आत्ताच्या आत्ता तिकडे बघ!

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं पोरीच्या डोळ्यांत कचरा गेला. ताईने मान वळवली. टेबल. ट्रे. कपाशेजारी एक छोटं, पांढरंशुभ्र, खोलगट काहीतरी. त्यात साखर. कट्ट्यावर वाळत ठेवलेली माझी वाटी शिपाईकाकांनी नवीन भांडं समजून उचलली होती, आणि साहेब तिच्यातून दुसरा चमचा भरत होते!

"साहेब," ताई अगदी हळू म्हणाली, "थांबा. तो त्याचा गुडघा आहे."

साहेबांनी चमच्याकडे बघितलं. वाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी नेहमीसारखा हसतच होतो, माझा नाइलाज आहे.

मोठ्या बाई मटकन खाली बसल्या. त्या आधीपासूनच बसलेल्या होत्या, तरी बसल्या.

"धुतलेला आहे ना?" साहेबांनी विचारलं.

भिंगरीने जोरजोरात मान डोलावली. तोंड मात्र उघडलं नाही.

"बोल गं बाई आता!"

"साबणाने, साहेब! दोनदा!"

साहेबांनी उरलेली साखर चहात ओतली, वाटी रुमालाने पुसली आणि स्वतः उठून माझ्या गुडघ्यावर बांधली. "बाई," ते म्हणाले, "नोकरीला इतकी वर्षं झाली, पण गुडघ्याची वाटी कुठे असते हे मी आता जन्मात विसरणार नाही. तुम्ही कायम." दाराशी जाऊन ते मागे वळले. "आणि ताईला ताईच म्हणू द्या हो. नाहीतर ह्या पोरीचे डोळे बिघडतील."

आज मी फार जुना झालोय. अंग पिवळं पडलंय, अजून दोन बोटं गेलीत. पण मी अडगळीत नाही, वर्गात आहे, कारण आता विज्ञान शिकवायला भिंगरी असते! वेणी स्वतःच घालते, थोडी तिरकी. उद्याचा धडा ती शाळा सुटल्यावर शिकवून बघते. मागच्या बाकावर केस पिकलेली एक विद्यार्थिनी बसलेली असते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"कळलं का, ताई?"

"नाही कळलं," ताई म्हणते. कळलेलं असतं हो तिला! पण मग भिंगरी पुन्हा सांगते ना.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूंना अडगळीत टाकू नका. धुवा, पुसा, कामाला लावा. जोडताना जरा पायांकडे बघा. आणि पाहुण्यांना साखर देण्याआधी, मेहरबानी करून, आमचे गुडघे मोजा.