फोडेल तिची गुंडाळी

डीना नाण्यांच्या कागदी गुंडाळीचं टोक टेबलाच्या कडेवर आपटणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून तान्ह्या नोलाचं रडणं ऐकू आलं.

“एवढी तू फोड, मी आलेच,” म्हणत तिनं ती गुंडाळी थोरल्या जावेकडे, आर्डिसकडे सरकवली.

डायपर बदलताना नेहमीच्या सवयीनं तिनं पोरीच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. दर गुरुवारी आर्डिसच्या स्वयंपाकघरात बँकेतून आणलेल्या पेन्यांचा, म्हणजे एका सेंटच्या नाण्यांचा, ढीग पडायचा. एखादी घरंगळून पोरीच्या घशात गेली तर, या धास्तीनं डीनाचं अर्धं लक्ष जमिनीवरच असायचं. आर्डिसला ती धास्ती नव्हती. तिची मुलं मोठी होऊन टोलेडोला गेली होती. घर लखलखीत, मांडी रिकामी, दोन्ही डोळे नाण्यांवर.

पुरळावर उग्र वासाचं मलम लावून होतंय तोच हाक आली.

“डीना, इकडे ये बघू.”

भिंगाखाली बहात्तर सालची पेनी होती. कुणीतरी गुंडाळीत बांधून ठेवली ती तशीच राहिलेली, अजून लालबुंद. आणि तिच्यावरचं प्रत्येक अक्षर दोनदा उमटलेलं, थरथरत्या हातानं गिरवल्यासारखं. साचाच चुकलेला. अशा चुकीसाठीच तर दोघी इतके दिवस डोळे फोडत होत्या.

“चारशे डॉलर कुठे गेले नाहीत,” आर्डिस म्हणाली. “डाग नाही, ओरखडा नाही. बघ तरी कशी आहे.”

डीनानं पाहिलं. फोडेल तिची गुंडाळी, हा नियम पहिल्याच गुरुवारी ठरला होता, पुढे वाद नको म्हणून. सुचवला होता डीनानंच.

“माझ्या वाट्याची होती गं ही,” ती हसत म्हणाली. हसू गालातच राहिलं.

“होती खरी. तुझ्याच लेकीनं घात केला तुझा.” आर्डिस उठली. “थांब, जीनला बोलावते. बायको बँकेतून चिल्लर आणते आणि बँकेतच नेऊन ओतते, असं गावभर सांगत असतो ना.”

ती गॅरेजकडे गेली. पेनी मखमलीच्या तुकड्यावर होती.

नोलाला कडेवर घेऊन डीना उभी राहिली. खिडकीच्या पडद्यांनासुद्धा इस्त्री होती. ओट्यावर केक झाकून ठेवलेला, वरची दालचिनी कशी एकसारखी भुरभुरलेली. हिचा केकही कधी करपत नाही, तिच्या मनात आलं.

तिनं पेनी कडेनं उचलली, बोटाचा ठसा पडला की किंमत घसरते म्हणून आर्डिसनं शिकवलं होतं तशी. मग ती तळहातावर ठेवली आणि नाण्यावरच्या लिंकनच्या गालावर अंगठा टेकवला. टेकवला, आणि उचलायला जरा उशीर केला.

दोघं आत आली तेव्हा पेनी मखमलीवर होती.

“या दमडीचे चारशे?” जीन म्हणाला. “आणि बिनचुकीची असती तर?”

“तर एक सेंट. मुकाट्यानं बघ.”

त्याच्या हाती द्यायच्या आधी आर्डिसनं भिंग डोळ्याला लावलं. मग नाणं खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. मग, का कोण जाणे, नाकाजवळ नेलं.

“पुसून देऊ का?” डीना म्हणाली. “मऊ फडकं आहे माझ्याकडे.”

काय झालंय ते अजून कुणी बोललंच नव्हतं.

“नाणं पुसायचं नसतं, डीना. पुसलं की आणखी बिघडतं.” आर्डिस नवऱ्याकडे वळली. “माझाच अंगठा लागला रे. हरखले ना, भान राहिलं नाही.”

“मग आता किती?”

“कमी.”

डीना नोलाची टोपी शोधायला लागली. खुर्चीखाली पाहिलं, सोफ्याच्या उशा उचलल्या. टोपी नोलाच्या डोक्यावरच होती.

पुढच्या गुरुवारी जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. डोकं दुखतंय म्हणून कळवायला दोनदा फोनही उचलला. तरी गेली.

टेबलावर कॉफी होती, केक होता, गुंडाळ्या नेहमीसारख्या दोन ढिगांत मांडलेल्या. डीनाच्या बाजूला पांढऱ्या सुती हातमोज्यांचा जोड ठेवला होता, कोरा करकरीत. आर्डिसचे हात उघडेच होते.

“ये. पोरीला दे माझ्याकडे,” आर्डिस म्हणाली. “आणि आज कितीही रडली तरी तू उठायचं नाहीस. तुझ्या तू फोड.”

डीनानं मोजे चढवले. आर्डिसचे हात पसरट. हे तिचे असते तर ढगळ झाले असते. हे बोटांच्या टोकांपर्यंत नेमके बसले.

तिनं बोटं उघडून मिटून पाहिली.

“बरोबर बसले,” ती म्हणाली.

आर्डिसनं मांडीवरच्या नोलाचं तोंड उघडून आत बोट फिरवलं. काही नव्हतं.

“माप होतं माझ्याकडे,” ती म्हणाली, आणि पहिली गुंडाळी डीनापुढे सरकवली.