उण्याची रेघ

वायरलेसमधलं माझ्याइतकं कळणारा माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत नाही. म्हणजे एक होता, शंकरराव. तो गेला म्हणून पहिला नंबर माझा, आणि मी सातवी नापास.

साखर कारखान्याचे आम्ही दोघे वायरलेसवाले, मी केंदूरच्या गट ऑफिसात, तो दौंडला. उसाच्या गाड्या कुठं अडल्या ते कळवायचं आणि उरलेल्या वेळात एकमेकांची सालटी काढायची. महिन्यातून एकदा अँटेना तपासायचा. पाठवलेल्या लहरींतलं जितकं कमी परत येईल तितका आकडा मोठा आणि अँटेना चांगला. शंकरराव वहीत नुसतं ‘चौदा’ लिहायचा, मी ‘उणे चौदा’. अर्थ एकच, पण त्याला ते उणं बघवत नसे. म्हणून दौंडला गेलो की मी चोरून त्याच्या सगळ्या आकड्यांपुढं उण्याची रेघ मारून यायचो. संध्याकाळी माझ्या सेटवर तीनदा टकटक वाजायची. म्हणजे शंकररावसाहेबांनी वही उघडली!

मोबाईल आले, सेट बंद पडले, केंदूरचा टॉवर तेवढा उरला. आकडा दहाच्या वर आला तर ठेवू, नाहीतर भंगारात, असं कारखान्यानं कळवलं. भंगारवाल्याचा टेम्पो सकाळीच दारात. मी शंकररावाच्या नातीला, गौतमीला, शिक्रापूरहून मीटर घेऊन बोलावलं. ती तिथल्या कंपनीत हेच काम करते.

तिनं टॉवरची वायर जोडली, बटण दाबलं आणि कपाळाला आठी घातली. “आबा, उणे चौदा.”

“म्हंजी चौदा. पास!”

“हा मीटर आजोबांच्या पद्धतीचा हाय. उणं आलं म्हंजी पाठवलं त्याहून जास्त परत येतंय.”

“लोखंड कुठं पदरचं घालतं व्हय?” मी हसलो.

ती मीटरमागं वाकून काहीतरी करू लागली. मी पडद्याकडं पाहत होतो. चौदाचा आकडा जागेवर होता. त्याच्यापुढली रेघ तेवढी विझली, आली. विझली, आली. विझली, आली.

“पोरी, म्हाताऱ्याची थट्टा करती व्हय? आजोबानंच शिकवलं असंल.”

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. गौतमी सरळ उभी राहिली. तिच्या हातात टॉवरच्या काळ्या वायरीचं टोक लोंबत होतं.

“मला वाटलं, खोडी तुमचीच, आबा. म्हणून तर मी वायर कवाच काढली, तरी आकडा हाय तसाच. आता त्या टेम्पोवाल्याला काय सांगू, ते तुम्हीच सांगा.”